पदरचं न घालता

येळ्ळूरचा भरमू सत्त्याऐंशी साली बेंगळुरात चिपची सर्किटं आखायचा. आठ तारांवरून एकदम आलेली माहिती, मधे पदरचं काही न घालता, एकाच तारेवरून ओळीनं पुढं धाडणारं सर्किट त्याला आणखी वेगवान करायचं होतं, तेही कमी विजेत. शेवटची चाचणी चालू असतानाच थोरल्या भावाची तार आली, "आई सीरियस. लगेच ये."

भरमूनं ओळखलं, आई गेली. गावाकडनं तारेत कुणी 'गेली' असं कळवत नाही, 'सीरियस'च लिहितात. आता धावत गेलो तरी आग द्यायला पोचत नाही, असं म्हणून त्यानं डोळे पुसत चाचणी उरकली आणि दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी धरली. निदान रक्षाविसर्जन तरी गाठू! सकाळी बेळगावात उतरल्यावर रिवाजाप्रमाणं त्यानं केस, मिशा उतरवून घेतल्या, आणि मगच येळ्ळूरच्या बसमध्ये चढला.

घरात पाऊल टाकलं, तर समोर बाजेवर आई धाप टाकत पडलेली. त्याच्या बोडक्या डोक्याकडं बघून तिनं हात पुढं केला.



"लेकरा... आपलं कोण गेलं रं?"