गावाचं नाव

"आमच्या गावात नशा औषधालासुद्धा सापडायची न्हाय!" सरपंच सोमशेखरअण्णांनी ग्रामसभेत माईकवरून ठणकावलं, टाळ्या घेतल्या, आणि सभा उठल्याबरोबर आपल्या पोराला गाडीत घालून थेट कोल्हापूरचं व्यसनमुक्ती केंद्र गाठलं. शिवप्रसादला इंजेक्शनाचा नाद लागून दोन वर्षं झाली होती, पण नशामुक्त गावाच्या बक्षिसाची समिती पुढच्याच महिन्यात येणार होती.

"मॅडम, महिनाभर ठेवून घ्या आणि तेवढ्यात बरा करा," अण्णा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "फक्त फॉर्मवर आमचं गाव नको. शेजारचं घाला. तिथली पोरं तशीबी वाया गेल्यालीच हाईत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कॉट एकच उरलीय अण्णा, ती देते. पण गावाचं अवघड आहे. शेजारचे सरपंच सकाळीच पुतण्याला ठेवून गेले. त्यांनी तुमचं गाव घातलंय."

अण्णा ताडकन उठले. "आमच्या गावाची बदनामी? आधी खोडा ते! न्हायतर माझा पोरगा हितं ऱ्हायाचा न्हाय. चल रं शिवप्रसाद!"

शिवप्रसाद उठला नाही. बाकावर अंगाचं मुटकुळं करून तो थरथरत बसला होता.



"मॅडम," तो हळूच म्हणाला, "गाव कुठलंबी घाला, पण मला आजच आत घ्या की."