शहरी तोरा

अखमुदू चार महिने अगादेझ शहरात राहून वाळवंटात घरी आला, तो शहरी नवऱ्यांचा तोरा घेऊनच. तंबूत त्याची बायको राइशातू पुरुष पाहुण्यांबरोबर खळखळून हसत होती. ते पाहून त्याचं डोकंच फिरलं.

“आत्ताच्या आत्ता चालती हो माझ्या घरातून!”

“बरं,” म्हणत ती उठली. तिने चटया गुंडाळल्या, बकऱ्या सोडल्या आणि ती तंबूचे खांब उपटायला लागली.

“अगं, तंबू कुठे नेतेस?”

“हा माझ्या आईने शिवून दिलाय, लग्नात. तुझं घर तुला लखलाभ!”

अखमुदूच्या डोक्यावर आता रणरणतं ऊन होतं आणि पायांखाली वाळू. तोंडावरून घेतलेला फेटा सावरत तो खाकरला.

“राइशातू, पाहुण्यांना असं उपाशी पाठवायचं का गं?”