लाल फुलीचा नमुना

ब्रेकजवळचं एक ब्रॅकेट तडकत होतं, म्हणून कंपनीने चार हजार ट्रक परत बोलावले होते. चूक कोणाची, ते क्वालिटीच्या साहेबांनी पाचच्या आत लिहून द्यायचं होतं; नाव मिळालं नाही, तर त्यांचं स्वतःचंच लागणार होतं. साडेतीनला ते घामाघूम होऊन ब्रॅकेट बनवणाऱ्या काकांच्या वर्कशॉपमध्ये घुसले.

"काका, तुमच्यापायी माझी नोकरी चाललीय! कोपरा केवढा पातळ ठेवलाय! आणि दर ब्रॅकेटवर ही लाल फुली कसली?"

"तुम्ही पाठवलेल्या नमुन्यावर होती, म्हणून मारली," काका शांतपणे म्हणाले. "आमची ही आणि सूनबाई ब्रश घेऊन बसायच्या. माना मोडल्या दोघींच्या."

"आणि आमच्या गेटवर हे पास कोणी केलं?"

"तुमच्याच माणसांनी. सात ब्रॅकेटांवर फुली मारायची राहिली, तर तेवढी परत पाठवली. फार कडक तपासणी बुवा तुमची!"

काकांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला नमुना तान्ह्या बाळासारखा अलगद काढला आणि साहेबांच्या हातात दिला. तोच पातळ कोपरा, तीच लाल फुली. साहेबांनी तो तुकडा लगेच ओळखला.

.

.

'हे असलं बनवू नका' असं सांगायला तो नापास तुकडा फुली मारून त्यांनीच पाठवला होता. फक्त सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.