दुपारची गोळी

डॉक्टरांनी रंगाऱ्याच्या तळपायाला टाचणी टोचली. परांचीवरून पडल्यापासून चाकांच्या खुर्चीत आलेला रंगारी तोंड वळवून भिंतीचा रंग न्याहाळत होता.

"दुखलं?"

"टोचलीत? कळलंच नाही."

"आणि आग?"

"ती कुठे जातेय! तापल्या पत्र्यावर उभं केल्यासारखे पाय जळतात."

डॉक्टरांनी मान डोलावली. "दोन्ही खरं आहे. मणक्याला मार बसला की असं होतं. बाहेरचं काही जाणवत नाही, पण शिरांची आग आतल्या आत चालूच राहते."

शेजारी बसलेली बायको वरमली. ती शिवणकाम करायची. महिन्यापूर्वी, तो झोपलेला बघून, तिने कापडाची टाचणी त्याच तळपायात टोचून पाहिली होती. त्याने हूं की चूं केलं नाही. म्हणजे सगळं सोंग, याला गोळ्यांची चटक लागलीय, असं तिने ठरवून टाकलं. "डॉक्टरांनीच कमी केलीय," असं सांगून दुपारची गोळी बंद केली.

"गोळ्या तिन्ही वेळा चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

रंगाऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं. "तिन्ही वेळा," तो म्हणाला. "ही एकदासुद्धा चुकत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढं घेऊनही फरक नसेल, तर हे औषध बंदच करू." डॉक्टरांनी पेन उचललं.

"दुपारची मी देत नव्हते!" ती एकदम बोलून गेली. "मला वाटलं, नशेसाठी मागतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून द्या. महिनाभर पाहू." ते एवढंच म्हणाले. रागावले असते तरी चाललं असतं.

बाहेर व्हरांड्यात ती खुर्ची ढकलत निघाली. मागे असल्यामुळे त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, तेवढंच बरं. पण मनाला चैन पडेना.

"अहो, एकदा मी तुम्हाला टाचणीही टोचली होती. झोपेत."

"झोपेत कुठला? टाचणी घेऊन येताना पाहिलं होतं मी तुला." तो समोर बघतच बोलत होता. "मुद्दाम डोळे मिटून पडलो. टोचलीस की जोरात ओरडायचं, म्हणजे तुझी खात्री पटेल, असं ठरवलं होतं."

खुर्ची थांबली.

"वाट बघत राहिलो. टोचलीस कधी, तेच कळलं नाही."