करंगळीपासून

"थांब, इथे घाई झाली," काचेपलीकडून लेखिका म्हणाली. "ती त्याची मूठ उघडतेय ना, तेव्हा आवाज अजून खाली हवा. एकदम नाही उघडायची. एकेक बोट करून."

आवाज देणाऱ्या बाईनं मान हलवली. कानांवर हेडफोन चढवून ती बंद खोलीत माइकसमोर उभी होती. काचेपलीकडच्या टेबलाशी लेखिका आणि ध्वनिमुद्रण करणारा बारक्या बसले होते. हा बारक्या इतका आडवा होता की त्याच्या खुर्चीचे हात काढून टाकावे लागले होते. दोघांच्या मध्ये एक बटण होतं. ते दाबलं की बाहेरचा आवाज आत यायचा, सोडलं की काचेआड सगळं मुकं.

काम संगणकावरच्या एका खेळाचं होतं. खेळणारा वीर होऊन रानावनात भटकतो, सोबतीला चार-पाच जण असतात आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही प्रेमात पडता येतं. बाईचा आवाज त्यांच्यातल्या तिरंदाज मुलीला होता. वीर काय बोलणार ते खेळणाऱ्यानं निवडायचं. तो काहीही निवडू शकतो, म्हणून मुलीची सगळी उत्तरं आधीच मुद्रित करून ठेवायची.

"कुठल्या बोटापासून?" बाईनं सहज विचारलं.

"करंगळीपासून. अंगठ्यापासून उघडली तर तो जागा होईल."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," बारक्या पुढे झुकून म्हणाला. "उघडताय कशाला?"

लेखिका हसली. बाईही हसली, पण जरा उशिरा.

तिचा नवरा याच कंपनीत, वरच्या मजल्यावर होता. खेळातले डोंगर, नद्या, पायवाटा तो रचायचा. स्कूटरवरून पडून त्याचं डावं मनगट मोडलं, तेव्हापासून झोपेत तो हात आवळून यायचा, नखं तळव्यात रुतायची. त्याला न उठवता ती मूठ उघडायची एकच रीत होती. बाईला ती चुकतमाकत सापडली होती, आणि तिनं ती त्याला कधीच सांगितली नव्हती. सांगितली असती तर तो झोपेतही सावध राहिला असता. जे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, ते तो दुसऱ्या कुणाला सांगणार कसं?

दोन माणसांची सवय सारखी असू शकते, तिनं स्वतःला बजावलं. एका खुणेवरून काही सिद्ध होत नाही.

"हात कुठला गं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"त्या बाजूला वळून बोलेन. आवाजात फरक पडतो."

"पडतो," बारक्या म्हणाला.

"डावा," लेखिका म्हणाली.

बाईनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं. शेकोटीजवळ वीर डाव्या कुशीवर झोपला होता. डावा हात अंगाखाली गेलेला, दिसतच नव्हता. उजवा समोर पडला होता, बोटं सैल.

"डावा तर अंगाखाली आहे."

"अगं हो की." लेखिकेनं घाईनं पान उलटलं. "मग उजवा समज. काय फरक पडतो?"

"आत्ता तर पडत होता," बारक्या म्हणाला.

लेखिकेनं आणखी एक पान उलटलं.

पुढच्या प्रसंगात वीर जागा होतो आणि मुलगी विचारते, काल रात्री कुठे होतास? तो सोबतच्या वैद्यबाईच्या तंबूत होता. खेळणाऱ्यापुढे तीन वाटा: खरं सांगायचं, खोटं बोलायचं किंवा गप्प राहायचं.

"आधी खरं," लेखिका म्हणाली.

बाईनं वाचलं, "खरं बोललास. उद्याही धनुष्य घेऊन तुझ्या मागे उभी असेन. फक्त माझ्याकडे पाठ फिरवताना जरा विचार कर."

"आई गं!" बारक्या म्हणाला. "मी नसतो गेलो लढाईला."

"आता खोटं."

"बरं. तू म्हणतोस तर तसंच असेल."

"हे कोरडं झालं," लेखिका म्हणाली. "इथे तिचा विश्वास बसलाय त्याच्यावर. ती भोळी आहे."

"भोळी आहे?"

"थोडीशी."

बाई घोटभर पाणी प्यायली. "बरं," ती म्हणाली, "तू म्हणतोस तर तसंच असेल." आवाज मऊ आला, घरातल्यासारखा.

"हं. अगदी हेच हवं होतं. आता तिसरं. तो गप्प राहतो."

लेखिकेनं बटणावरचं बोट उचललं. बारक्यानं हात वर करून मुद्रण सुरू झाल्याची खूण केली.

बाईनं कागदाकडे पाहिलं नाही. "करंगळीचं तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

काचेपलीकडे लेखिकेचे ओठ हलले. हात मात्र मांडीवरच होता. हेडफोनमध्ये काहीही आलं नाही. मग ओठही थांबले. बारक्यानं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

बाई वाट बघत राहिली. बटण कुणी दाबलं नाही.

ती माइकच्या जवळ सरकली.

"राहू दे," ती म्हणाली. "मिळालं उत्तर."

शेवटी बारक्यानंच बटण दाबलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कागदावरचंच घेतलंत ना?"

बाईनं हेडफोन काढून खिळ्याला अडकवले.

"बघ की," ती म्हणाली. "तिसरं उत्तर. तिनंच लिहिलंय."