लिलावाआधीचा शुक्रवार

मजीदने घास तोंडात घालण्याआधीच सांगून टाकलं, "बुधवारी लिलाव हाय, झहूरभाई. माझा घर जाणार."

जुम्म्याची नमाज उरकून तो फरवानियाहून बस बदलत थेट सालमियात आला होता, झहूरच्या बिऱ्हाडी. शुक्रवारी तो इथेच जेवायचा. लिलाव बुधवारी आहे हे झहूरला आधीपासून ठाऊक होतं. तरी त्याने हातातली भाकरी खाली ठेवली, कपाळाला आठ्या पाडल्या आणि म्हणाला, "काय सांगतोस?"

बरं जमलंही त्याला ते.

दोघेही इथे आखातात नोकरीला, आणि गावी दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. मजीदची घरपट्टी बरीच वर्षं थकली होती. नगरपालिकेने दारावर नोटीस डकवली, मोहल्ल्यात दवंडी पिटली, आणि घरात होती एकटी म्हातारी आई, फखरुन्निसा.

"हप्ते पाडून मागायचे," झहूर म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला.

"मागितले. बोलतात, अर्धी रक्कम आधी भरा, मग हप्ते. अर्धी कुठून आणू? कंपनीत उचल मागितली, तर साहेब बोलला आधीचीच फिटली नाय. लिलावाआधी आपणच विकावा म्हटला, तर जप्तीतला घर कोण घेतो?" मजीदने घोटभर पाणी घेतलं. "मोहल्ल्यातला कुणी बोली लावायचा नाय. शेजाऱ्याचा घर लिलावात कोण घेणार? पण महाडचा कुणी माणूस कचेरीत दोनदा विचारून गेला म्हणे. कोण ते काय कळत नाय."

आत स्वयंपाकघरात पडद्यामागे भांड्यांचा आवाज बंद पडला.

महाडचा माणूस म्हणजे अब्बास, झहूरच्या बायकोचा, सुरैयाचा सख्खा भाऊ. नाव अब्बासचं, पैसे झहूरचे. मोहल्ल्यातल्या माणसाला बोली लावायला तोंड नव्हतं, म्हणून महाडचा शोधला. मधली भिंत पाडली की अंगण एक होईल, हे पहिल्यांदा बोलली होती सुरैयाच. तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घर तसंही जाणारच होतं, मग दुसऱ्याने कशाला खायचं?

"खा ना. निवतंय," झहूर म्हणाला.

मजीदने मासा चिवडला, खाल्ला नाही. "माझा एक काम करशील? तू घे."

"काय?"

"घर. त्या महाडवाल्याकडे जाण्यापरीस तुझ्याकडे गेलेला बरा. तू नाय तर दुसरा कोण हाय मना? कुणाला तरी उभा कर लिलावात."

"माझ्याकडे कुठले पैसे, मजीद?"

 मजीद हळूच म्हणाला, "घरपट्टीपुरते नव्हते तुझ्याकडे. गेल्या महिन्यात मागायला आलो तेव्हा तू बोललास. मना वाटला, घरापुरते असतील."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर झहूरला बरं वाटलं असतं, निदान चिडता तरी आलं असतं. त्याचे कान तापले. उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण स्वतःच्याच घरातून उठून जाणार कुठे?

मजीद मात्र एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगून मोकळा होत होता. घेणाऱ्याला माल दाखवावा तसा. "मागच्या पडवीचे वासे कुजलेत. तुझ्यापासून काय लपवायचा? कौलं पण फिरवावी लागतील. विहीर उन्हाळ्यात आटते, ते तुला माहीतच हाय. आणि आईला मागच्या खोलीत राहू दे. फुकट नको. भाडा मी इथून धाडीन दर महिन्याला."

"बघतो," झहूर म्हणाला. मान वर न करताच.

"बघ," मजीद म्हणाला. हात धुऊन, पडद्याकडे तोंड करून "भाभी, येतो" म्हणाला आणि बस पकडायला निघून गेला. जाताना त्याचा चेहरा खरंच थोडा हलका दिसत होता. झहूरला तेच सोसवेना.

सुरैया बाहेर आली. मजीदचं ताट उचललं, त्यातला मासा तसाच होता. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या तारघर उघडेल. अब्बासला तार करा. बोली नको. मजीदची घरपट्टी भर आणि पावती फखरुन्निसाखालांच्या हातात दे म्हणावं."

घरपट्टी म्हणजे लिलावासाठी अब्बासकडे धाडून ठेवलेल्या पैशांतला लहानसा भाग. गेल्या महिन्यात, मजीद मागायला आला तेव्हा, तो झहूरच्या कपाटातच होता. त्याने बोटं पुसली, पुन्हा पुसली.

"करतो," तो शेवटी म्हणाला. "पण मजीदला काय सांगू? आता कुठून आले पैसे, असा विचारला तर?"

सुरैया ताट हातात घेऊन दारातच थांबली.

"तो विचारायचा नाय," ती म्हणाली. "त्याला शरम हाय."