वाक्यात उपयोग

त्या घरच्या सुनेची इंग्रजीची शिकवणी तिच्या आईनं लावून दिली होती. नवऱ्याची अट एकच, तो समोर बसणार. “मला इंग्रजीचा गंध नाही, मॅडम. तुमचं चालू द्या,” असं म्हणायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत नखं कापत बसायचा.

त्या दिवशी मी ‘लुक’ घेतलं. नुसतं लुक म्हणजे बघणं. पुढे आफ्टर लागलं की सांभाळणं, फॉर लागलं की शोधणं. “आता वाक्यात उपयोग कर बघू.”

तिनं वहीत डोकं खुपसलं आणि पाढे म्हणावेत तशा सुरात म्हणाली, “आय लुक फॉर द की एव्हरी डे. ही हाइड्स इट. इफ द क्लास स्टॉप्स, प्लीज लुक फॉर मी.”

किल्ली तो लपवतो. शिकवणी बंद झाली, तर मला शोधा.

मी चटकन कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. पण नेलकटरचा आवाज मध्ये एकदाही थांबला नव्हता, त्यामुळे जरा धीर आला.

“बरोबर आहे का हो, मॅडम?” त्यानं विचारलं.

“अगदी बरोबर.” मी तिची वही मिटली.

नेहमीसारखा तो दारापर्यंत सोडायला आला. मी चपला घालेपर्यंत थांबला. मग म्हणाला, “तिचं आता पुरे झालं. उद्यापासून येऊ नका.” आणि दार लावता लावता, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत, “लुक आफ्टर युवरसेल्फ, मॅडम.”